गळ्यातलं घड्याळ

मर्सिडीज ग्लाइत्झे हे नाव आज आपल्याकडे फारसं कुणाला आठवणार नाही. १९२७च्या ऑक्टोबरमध्ये मात्र इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रांनी तिच्यावर रकानेच्या रकाने लिहिले होते. लंडनच्या एका कचेरीत टायपिस्ट म्हणून काम करणारी ही सव्वीस वर्षांची मुलगी इंग्लिश खाडी पोहून गेली होती. हे करणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री.

मैत्रिणींनो, तिची गोष्ट आज सांगावीशी वाटली ती एका वेगळ्याच प्रश्नामुळे. बाजारात हल्ली नामांकित कंपन्यांच्या घड्याळांच्या हुबेहूब नकला मिळतात. 'फर्स्ट कॉपी' म्हणतात त्यांना. तबकडीवर झोकात '२०० मीटर' असं छापलेलं असतं. हौसेनं घेतलेलं असं घड्याळ घालून नवरा विहिरीत उडी मारू का विचारतो, मुलगा मित्रांबरोबर तारकर्लीला स्कूबा करायला निघालेला असतो. आपण काय सांगायचं? मला वाटतं, याचं उत्तर मर्सिडीजच्या आयुष्यातल्या एका महिन्यात सापडतं.

तिचा जन्म १९०० सालचा, ब्रायटन या समुद्रकाठच्या गावातला. आईवडील जर्मन, वडिलांचा धंदा बेकरीचा. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या जर्मन कुटुंबांचे जे हाल झाले त्यातून हे घरही सुटलं नाही. घरच्यांना जर्मनीला जावं लागलं, पण मर्सिडीज इंग्लंडला परत आली. दोन भाषा येत होत्या, त्या जोरावर नोकरी मिळाली. आठवडाभर टाइप करायचं आणि सुट्टी मिळाली की पाण्यात उतरायचं, असा तिचा दिनक्रम. डोक्यात एकच वेड, इंग्लिश खाडी. १९२२ पासून ती प्रयत्न करत होती. एकदा नाही, दोनदा नाही, सात वेळा तिला बोटीवर ओढून घ्यावं लागलं. मधे १९२६ मध्ये अमेरिकेची गर्ट्रूड एडर्ली खाडी पोहून गेली आणि पहिली स्त्री होण्याचा मान गेला. तरी ही थांबली नाही. (आपल्या आरती साहानं हीच खाडी पार केली ती १९५९ मध्ये, तीही दुसऱ्या प्रयत्नात.)

७ ऑक्टोबर १९२७. पहाटे तीनच्या सुमारास फ्रान्सच्या काप ग्री-ने या टोकावरून मर्सिडीज पाण्यात शिरली आणि १५ तास १५ मिनिटांनी, संध्याकाळी अंधार पडायच्या वेळेला, इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली. आठवा प्रयत्न होता हा. दुसऱ्या दिवसापासून कौतुकाचा पाऊस.

पण चारच दिवसांत डॉ. डोरोथी लोगन नावाच्या एका लेडी डॉक्टरनं जाहीर केलं की आपण खाडी १३ तास १० मिनिटांत पार केली. एडर्लीपेक्षाही कमी वेळ! तिला एका वर्तमानपत्राचं हजार पौंडांचं बक्षीसही मिळालं. आणि मग तिनं स्वतःच कबूल केलं की सगळा बनाव होता, बहुतेक वेळ ती बोटीतच बसून होती. म्हणे, अशी फसवणूक किती सोपी आहे हेच दाखवायचं होतं. चेक परत केला, खोट्या शपथेबद्दल कोर्टात दंडही भरला. मला तिचा हेतू काही केल्या पटत नाही. कारण त्याची किंमत भरली दुसरीनं. लोक विचारू लागले, ही खोटी, तर ती टायपिस्ट तरी खरी कशावरून?

कुणी रडत बसली असती. मर्सिडीजनं सांगितलं, मी पुन्हा पोहते, सगळ्यांनी या आणि बघा.

इथे घड्याळाचा प्रवेश होतो. हान्स विल्सडॉर्फ हा बव्हेरियात जन्मलेला, लहानपणीच पोरका झालेला माणूस म्हणजे रोलेक्स कंपनीचा संस्थापक. मनगटी घड्याळ तोवर बायकांची नाजूक चीज समजली जायची. पुरुष खिशातलं घड्याळ वापरत. महायुद्धात सैनिकांनी मनगटावर बांधलं तेव्हा कुठे ते पुरुषांना चालू लागलं. पण धूळ आणि पाणी हे त्याचे दोन वैरी. कुकरची रिंग जरा सैल झाली की वाफ निसटते हे आपण रोज पाहतो. घड्याळाचंही तसंच. काचेची कड, मागचं झाकण आणि चावी, एवढ्या तीन वाटांनी पाणी आत जातं. चावीची वाट सगळ्यांत वाईट, कारण ती फिरवावी लागते, ओढावी लागते. विल्सडॉर्फनं १९२६ मध्ये 'ऑयस्टर' आणलं. त्याचं झाकण आणि काचेची कड बरणीच्या झाकणासारखी आट्यांवर घट्ट बसत होती आणि चावीसुद्धा फिरवून आवळता येत होती. ऑयस्टर म्हणजे कालव. नाव अगदी चपखल!

मर्सिडीज पुन्हा पोहणार हे कळताच त्यानं तिला हे घड्याळ बरोबर न्यायला दिलं. तिनं ते मनगटावर नाही, गळ्यात अडकवलं.

२१ ऑक्टोबरला ती उतरली तेव्हा पाणी पहिल्या खेपेपेक्षा कितीतरी गार होतं. बरोबर बोटी होत्या, पत्रकार होते. गारठ्यानं तिची शुद्ध हरपू लागली. १० तास २४ मिनिटांनंतर तिला बाहेर काढावं लागलं. किनारा अजून काही मैल दूर होता. म्हणजे हिशेबानं हा प्रयत्न फसलाच. पण एवढ्या थंडीत ती इतका वेळ टिकली, हे पाहणाऱ्यांच्या मनात शंका उरली नाही. तिची ७ तारखेची कामगिरी मान्य झाली. गळ्यातलं घड्याळ टिकटिकत होतं आणि वेळ बरोबर दाखवत होतं.

२४ नोव्हेंबरला रोलेक्सनं 'डेली मेल'चं पहिलं पान जाहिरातीसाठी घेतलं. त्या जाहिरातीचा दबदबा असा की आजही पुष्कळ ठिकाणी छापलेलं दिसतं, मर्सिडीजनं हे घड्याळ घालून खाडी पार केली. तसं झालं नव्हतं. ज्या दिवशी ती पार पोहोचली त्या दिवशी घड्याळ बरोबर नव्हतं आणि ज्या दिवशी घड्याळ होतं त्या दिवशी ती पोहोचली नाही. शिवाय ती पाण्यावर पोहत होती, खोल बुडी मारत नव्हती. आजच्या धर्तीची, खोल पाण्यात उतरायची घड्याळं आली ती १९५३च्या सुमारास.

हा फरक महत्त्वाचा आहे. दर १० मीटर खोलीला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली तपासून मगच बाहेर पडतं. साध्या वॉटर रेझिस्टंट घड्याळांची काही नगांवर तपासणी होते. म्हणून '३० मीटर' लिहिलेलं अस्सल घड्याळसुद्धा पावसाच्या शिंतोड्यांपुरतं आणि हात धुण्यापुरतंच धरावं. पोहायचं तर १०० मीटरचं बरं.

आणि नकली घड्याळावरचा २०० हा आकडा? तो डॉ. लोगनच्या १३ तास १० मिनिटांसारखा आहे. छापलेला आहे खरा, पण तपासलेला कुणी नाही. चावी आवळता येते असं वाटतं, पण आटे लवकर झिजतात. आतला रबरी वायसर कसला आहे, मुळात आहे का, हे उघडल्याशिवाय कळत नाही. एखादं घड्याळ चांगलं निघेलही, पण कुठलं ते बाहेरून ओळखता येत नाही. तेव्हा नकली घड्याळ पाण्यात घालू नये, हे माझं सरळ उत्तर. पोहायला जाताना ते कपड्यांबरोबर काठावर राहू द्या. हट्टच असेल तर दाब तपासायचं यंत्र असलेल्या दुरुस्तीवाल्याकडे न्या. तो आधी हवेच्या दाबावर तपासतो, घड्याळ भिजत नाही. पास झालं तर पोहण्यापुरतं वापरा. पाणबुडीसाठी तरीही नाही. तिथे किती मिनिटं झाली यावर टाकीतल्या हवेचा हिशेब असतो आणि बंद पडलेलं घड्याळ जिवाशी खेळ करू शकतं. तिथल्या प्रशिक्षकाच्या उपकरणांवरच विसंबायचं.

अस्सल घड्याळ असलं तरी काही गोष्टी पाळाच. कोपऱ्यावरच्या टपरीत सेल बदलला की वायसर चिमटलेला असू शकतो, पुन्हा तपासून घेतल्याशिवाय ओलं करू नका. वायसर काही वर्षांत कडक होतो, कुकरच्या रिंगसारखाच तो बदलावा लागतो. गरम पाण्यानं अंघोळ करताना घड्याळ काढून ठेवा, वाफ आणि साबण दोन्ही वायसरचे शत्रू. पाण्यात असताना चावी ओढायची नाही. काचेच्या आतून धुकं दिसलं तर उन्हात किंवा गॅसजवळ न ठेवता त्याच दिवशी दुरुस्तीला द्या, नाहीतर आतली चाकं गंजतात. आणि स्वस्त मुलाम्याखालच्या निकेलनं घामाच्या हाताला पुरळ येतं, ते वेगळंच.

मर्सिडीजचं पुढे काय झालं? १९२८ मध्ये जिब्राल्टरची सामुद्रधुनी पोहणारी ती पहिली व्यक्ती ठरली. बाई आणि पुरुष दोन्ही धरून पहिली, बरं का! मग नोकरी सोडून ती पोहण्यावरच जगू लागली. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका असे दौरे केले. लोक तिकीट काढून बघायला यायचे आणि ती हौदात चाळीसहून अधिक तास न थांबता पोहायची. जाहिरातीही केल्या. बेघर लोकांसाठी घरं काढायची हे तिचं कधीचं मनात होतं. त्यासाठी पैसे साठवले आणि १९३३ मध्ये लेस्टर शहरात निराधार स्त्रीपुरुषांसाठी तिच्या नावानं आश्रयगृह सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात ती इमारत गेली.

१९३० मध्ये पॅट्रिक कॅरी या इंजिनिअरशी तिचं लग्न झालं, तीन मुलं झाली. काही वर्षांत तिनं पोहणं सोडलं आणि मग हळूहळू लोकांत मिसळणंही. पुढे तब्येत बिघडली. आपल्या पराक्रमाबद्दल ती मुलांशीही फारसं बोलत नसे. १९८१ मध्ये ती गेली. तिनं जपून ठेवलेले कागद आणि कात्रणं लेकीच्या हाती आली. त्यावरून लेकीनं लिहिलेलं आईचं चरित्र २०१९ मध्ये निघालं आणि २०२४ मध्ये तिच्यावर सिनेमाही आला. त्याचं नाव त्या दुसऱ्या, अर्धवट राहिलेल्या पोहण्यावरूनच ठेवलेलं आहे.