दानशूर बॅरन मॉरिस द हिर्श

एकोणिसाव्या शतकातील युरोपात लक्ष्मीपुत्रांची वाण नव्हती. परंतु शर्यतीच्या मैदानावर आणि रुग्णालयांच्या देणगीदारांच्या यादीत, अशा दोन्ही ठिकाणी ज्यांचे नाव अग्रभागी असे, असे गृहस्थ विरळाच. बॅरन मॉरिस द हिर्श हे त्यांपैकी एक होत. ९ डिसेंबर १८३१ रोजी म्यूनिख येथे एका संपन्न ज्यू घराण्यात त्यांचा जन्म झाला. पेढीचा व्यवसाय पिढीजात होता. १८५५ मध्ये ब्रुसेल्सच्या नामांकित बिशॉफ्सहाइम पेढीच्या घरातील क्लारा यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१८६९ मध्ये तुर्की साम्राज्याकडून बाल्कन प्रदेशात रेल्वे बांधण्याचा मक्ता त्यांना मिळाला. १८८८ मध्ये व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपलपर्यंत थेट गाडी धावू लागली. अफाट संपत्ती हाती आली ती यातूनच. या कामासाठी काढलेल्या लॉटरी-रोख्यांत अनेक लहान गुंतवणूकदार पोळले आणि त्याचा दोष हिर्श यांच्या माथी आला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

१८८७ मध्ये त्यांचा एकुलता एक पुत्र ल्यूसियाँ ऐन तारुण्यात निवर्तला. त्या आघाताने पती-पत्नी खचली खरी. पण जे धन मुलाला जायचे ते आता निराधारांचे, असा त्यांचा निश्चय झाला.

याच सुमारास हिर्श यांनी इंग्लंडमध्ये शर्यतीचे घोडे बाळगण्यास आरंभ केला. युवराज एडवर्ड यांच्याशी त्यांचा स्नेह होता. १८९० मध्ये हॅम्प्टन कोर्टच्या राजघराण्याच्या अश्वपालन केंद्रातील एक वर्षाची शिंगी त्यांनी ५,५०० गिनींना घेतली, तेव्हा एवढ्या किमतीची बरीच चर्चा झाली. तिचे नाव ला फ्लेश. १८९२ मध्ये एप्समच्या डर्बीत तिचा पहिला क्रमांक थोडक्यात हुकला आणि सर ह्यूगो हा फारसा कोणाच्या खिजगणतीत नसलेला घोडा जिंकला. परंतु त्याच वर्षी वन थाउजंड गिनीज, ओक्स आणि सेंट लेजर या तिन्ही मानाच्या शर्यती तिने जिंकल्या. सेंट लेजरला तर सर ह्यूगोला मागे टाकून! घोड्यांनी मिळविलेली बक्षिसाची रक्कम मात्र हिर्श यांनी स्वतःजवळ ठेवली नाही. ती लंडनच्या रुग्णालयांना जात असे. षोक धनिकाचा, आणि फळ रुग्णांच्या पदरी, असा हा विलक्षण हिशेब होता.

तथापि त्यांच्या दानाचा मुख्य ओघ दुसरीकडे होता. रशियात ज्यू समाजावर निर्बंधांचा व छळाचा वरवंटा फिरत होता. तेथील मुलांना शिक्षण व हस्तव्यवसाय मिळावेत म्हणून त्यांनी ५ कोटी फ्रँक देऊ केले. सरकारला पैसा हवा होता, पण त्याचा विनियोग आपल्याच मुठीत हवा होता. हिर्श यांनी ही अट मानली नाही आणि देणगी मागे घेतली. देता येणे एवढेच पुरेसे नसते. दिलेले योग्य हाती पडावे लागते, याविषयी ते कमालीचे काटेकोर होते. नुसत्या भिक्षेने माणूस कायमचा भिकारी होतो, असे त्यांचे स्पष्ट मत होते.

म्हणून १८९१ मध्ये २० लाख पौंड भांडवलावर त्यांनी ज्यू वसाहत संस्था स्थापन केली आणि अर्जेंटिनात शेतजमिनी घेऊन निर्वासितांना तेथे वसविले. लाखो माणसे नेण्याचा संकल्प होता, प्रत्यक्षात त्यांच्या हयातीत काही हजारच पोहोचली. शेतीचा अनुभव नाही, मुलूख परका, त्यात टोळधाड. कित्येकांनी वसाहती सोडल्या. उरले त्यांनी मात्र तेथे गहू पिकविला, शाळा काढल्या.

२१ एप्रिल १८९६ रोजी तत्कालीन हंगेरीत हिर्श यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी ला फ्लेशचा लिलाव होऊन तिला १२,६०० गिनी आल्या. पतीचे कार्य क्लाराबाईंनी १ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसमध्ये मृत्यू येईपर्यंत चालविले. अर्जेंटिनातील दोन वसाहतींना ‘मॉरिसियो’ आणि ‘क्लारा’ अशी या दांपत्याची नावे देण्यात आली.