झिंगराजींचा डेबूजी

वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ पडली की दारू सुटली, असे आपण सहज म्हणतो. पण माळ यायच्या आधीच ज्या घरात दारू शिरलेली असते, त्या घराचे काय होते, यावर आपण फार बोलत नाही. सप्ताहात किंवा दिंडीच्या मुक्कामावर हा विषय निघाला की माणसं खाली बघू लागतात. कुणाला भाऊ आठवतो, कुणाला जावई, कुणाला स्वतःचा पोरगा. म्हणून आपल्या दिंडीच्या या शताब्दी ग्रंथात संत गाडगेबाबांचे चरित्र त्याच बाजूने सांगत आहोत. बाबांच्या हातातला खराटा सर्वांना ठाऊक आहे. दारूने ज्याचा बाप नेला असा पोर, ही त्यांची ओळख मात्र तितकीशी ठाऊक नाही.

अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव नावाचे गाव आहे. तिथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट घरात बाबांचा जन्म झाला. नाव डेबूजी, वडील झिंगराजी, आई सखूबाई, आडनाव जाणोरकर. त्या काळी समाजात चाल अशी होती की देवाला बकरे-कोंबडे कापायचे आणि पंगतीला दारू द्यायची. बारसे असो, लग्न असो, दारूवाचून पाहुणचार पुरा होत नसे. जो पाजणार नाही तो कंजूस ठरे. अशा चालीरीतीत झिंगराजींना दारू लागली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. सुरुवातीला माणूस हौसेने घेतो, चारचौघांत बसतो म्हणून घेतो. पुढे शरीराला तिची सवय होते. मग घेतली नाही तर हात थरथरतात, झोप येत नाही, जीव कासावीस होतो. त्यानंतर तो मजेसाठी पीत नाही, तो त्रास थांबावा म्हणून पितो. डॉक्टर याला आजार म्हणतात, आणि तो आजारच आहे. मनात आणलं तर आत्ता सोडील, असे घरचे म्हणत राहतात. त्याच्या मनाचीच दोरी दारूच्या हातात गेलेली असते, हे कळायला फार उशीर होतो.

झिंगराजींच्या घरात तसेच झाले. घर खालावले, प्रकृती ढासळली आणि डेबूजी लहान असतानाच ते गेले. पिणारा सुटला, पण हिशेब संपला नाही. तो सखूबाईंच्या आणि त्या पोराच्या नावावर चढला. सखूबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला भावाच्या आश्रयाला आल्या. डेबूजी मामांची गुरे वळू लागला, पुढे नांगर धरू लागला. शाळा नशिबी नव्हती. भजनाचा नाद मात्र इथेच लागला. मामांनाही अक्षर येत नव्हते. सावकाराच्या कर्जात त्यांची जमीन गेली, तेही डेबूजींनी डोळ्यांनी पाहिले. दारू आणि कर्ज या दोघी सख्ख्या बहिणी आहेत, हे त्यांना कुणी पोथीतून शिकवले नाही.

कुंताबाईंशी लग्न झाले, घरात मुलगी आली. बारशाला भाऊबंद जमले. रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू मिळणार, असे सगळे धरून चालले होते. डेबूजींनी गोडाधोडाचे जेवण वाढले. लोक नाराज झाले, चाल मोडली म्हणून बोलले. पण डेबूजी हलले नाहीत. जिथून आपल्या घरात दारू आली ते दार त्यांनी ओळखले होते, आणि तेच त्यांनी बंद केले. आपल्याकडे बाबांच्या मोठमोठ्या कामांचे कौतुक होते, पण आमच्या मते त्यांच्या व्यसनमुक्तीच्या कामाची पायाभरणी त्या पंगतीत झाली. भावकीपुढे नाही म्हणणे किती अवघड असते, हे ज्याच्या घरात लग्नकार्य झाले आहे त्याला विचारा.

१ फेब्रुवारी १९०५ च्या रात्री त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, डोक्यावर वा हातात मडक्याचे गाडगे, हाती खराटा. मागे राहिलेल्या आई, बायको आणि लेकरांना फार सोसावे लागले, हेही इथे सांगितले पाहिजे. ज्या घराचा कर्ता एकदा दारूने नेला होता, तेच घर दुसऱ्यांदा कर्त्यावाचून राहिले. त्या सोसण्याचे मोल बाबांच्या कार्यात धरायलाच हवे.

मग सुरू झाली गावोगावची फिरती. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे. बाबांचे कीर्तन म्हणजे वऱ्हाडी बोलीतला संवाद. ते प्रश्न विचारत आणि लोकांकडूनच उत्तर काढून घेत. दारू पिणाऱ्याचे घर कसे चालते, पोरं शाळेत जातात का, बायकोच्या अंगावर धड लुगडे असते का, हे ते विचारत. मंडळी हसत हसत उत्तर देत, आणि देता देता हसू मावळत असे. दारू, कर्ज, पशुहत्या आणि शिवाशीव सोडायची, आणि मुलांना काही झाले तरी शिकवायचे, हाच त्यांच्या कीर्तनाचा गाभा. शेवटी गोपाळाच्या नावाचा गजर होई आणि बाबा पुढच्या गावाला निघत. त्यांनी कुणाला शिष्य केले नाही, कुणाचे गुरू म्हणवून घेतले नाही.

पंढरीशी त्यांचे नाते अनोखे होते. वारीला येत, पण देवळात शिरण्याऐवजी वाळवंट आणि रस्ते झाडत. ज्यांना इतर ठिकाणी उतरू देत नसत त्यांच्यासाठी त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. आळंदी, देहू, नाशिक इथेही धर्मशाळा उभ्या राहिल्या. लोकांनी दिलेला पैसा असा दगडाविटांत लागला, आपल्या संसाराला त्यांनी तो लावला नाही. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही त्यांनी धर्मशाळा उभारली. हे आपण वारकऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. देव आणि डॉक्टर यांचे भांडण बाबांनी कधी लावले नाही.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण आहे. वर्षानुवर्षे रोज पिणारा माणूस वारीच्या तोंडावर एकदम दारू सोडतो, माळ घालतो आणि चालू लागतो. त्याची भावना खरी असते. पण अशा माणसाला दोन-तीन दिवसांत दरदरून घाम येऊ शकतो, थरकाप सुटतो, नसलेली माणसं दिसतात, फिट येते. कधी जिवावरही बेतते. कुणी याला बाहेरची बाधा म्हणेल. पण शरीराची दारू अचानक तुटल्याचा हा त्रास आहे. म्हणून खूप पिणाऱ्याने निघण्याच्या बऱ्याच दिवस आधी सरकारी दवाखान्यात जावे, डॉक्टरांच्या देखरेखीत सोडावी, मग माळ घालावी. वाटेत त्रास झालाच तर अंगारा लावून झोपवू नये, सरळ दवाखान्याच्या गाडीत बसवावे.

घरच्या माउलींसाठीही चार गोष्टी. तो प्यालेला असताना भांडू नका, उतरल्यावर शांतपणे बोला. त्याची उधारी तुम्ही फेडू नका आणि त्याच्या चुका झाकू नका, त्याने आजार पोसला जातो. त्याला न सांगता जेवणात कसलीही पूड किंवा औषध मिसळू नका, जीव जाऊ शकतो. मारहाण होत असेल तर सोसत बसू नका, आधी स्वतःला आणि लेकरांना सुरक्षित जागी न्या. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणसारखी केंद्रे आहेत, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा आहेत, त्या सभांना पैसे लागत नाहीत. घरच्यांसाठीही अल्-अॅनॉनच्या वेगळ्या सभा होतात. सरकारचा १४४४६ हा फोन क्रमांक फुकट आहे. तंबाखू आणि गुटख्यासाठीही डॉक्टरांकडे उपाय आहेत.

सोडलेली दारू पुन्हा सुरू होते, असेही घडते. तेव्हा माणूस लाजेने दिंडी सोडतो, टाळ खुंटीला लागतो, आणि एकटेपणात आणखी बुडतो. आपली माळ तुटली तर आपण काय करतो? मणी वेचतो आणि पुन्हा ओवतो. कुणी ती फेकून देत नाही. माणसाचेही तसेच करावे. तो दोन पावले मागे पडला तर विणेकऱ्यानेच त्याला हाक मारावी आणि ओळीत घ्यावे.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात बाबांनी देह ठेवला. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ज्याला शाळा मिळाली नाही त्या पोराचे नाव. दारूने पोरका झालेला मुलगा दारूड्याचा द्वेष करत बसला नाही. त्याने दारूची वाट अडवली, आणि माणसाला जवळ केले.

आपल्या दिंडीच्या दुसऱ्या शतकात एवढे जरी साधले, तरी बाबांचा खराटा आपल्या हाती आला असे म्हणता येईल. यंदा आपल्या घरातले एखादे बारसे किंवा लग्न दारूवाचून पार पाडू. आणि ओळीत मागे पडलेल्या एका तरी माणसाला दवाखान्यापर्यंत आणि तिथून पुन्हा टाळापर्यंत सोबत देऊ.

रामकृष्ण हरी.