बदनाम मासिकाचा गणितज्ञ संपादक

मेडिकलवाला आजही निरोधचं पाकीट कागदात गुंडाळून देतो. मग शंभर वर्षांपूर्वी त्याच विषयावर दवाखाना उघडणाऱ्या माणसाचं काय झालं असेल?

रघुनाथ धोंडो कर्वे, म्हणजेच र. धों., १४ जानेवारी १८८२ रोजी दापोलीजवळच्या मुरुडला जन्मले. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता, त्यामुळे ते आपल्याच जिल्ह्याचे म्हणायला हरकत नाही! वडील महर्षी कर्वे. आई राधाबाईंचं लग्न आठव्या वर्षी झालं आणि १८९१ मध्ये त्या बाळंतपणात गेल्या. रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा. बालविवाह, त्यामागोमाग बाळंतपणं आणि मग मरण, हे तेव्हा घरोघरी चालायचं. त्याला नशीब म्हणून लोक मोकळे व्हायचे. र. धों. झाले नाहीत.

ते मुंबईत विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमन केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सचं केंद्र उघडलं तेही त्याच वर्षी. पण मिशनरी कॉलेजला हे झेपणारं नव्हतं. नोकरी सुटली. घर बरंचसं पत्नी मालतीबाईंच्या कमाईवर चाललं. मूल नको हे दोघांनी ठरवलं होतं आणि त्यासाठीचं ऑपरेशन र. धों.नी स्वतःचं करून घेतलं. आजही बहुतेक घरांत ही शस्त्रक्रिया बाईचीच होते, हे लक्षात घ्या.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघालं. गुप्तरोग, हस्तमैथुन, समलैंगिकता. वाचक जे कुणालाच विचारू शकत नव्हते ते इथं विचारायचे आणि सरळ उत्तर मिळायचं. शरीरसुख हा बाईचाही हक्क आहे, हे तर र. धों. पुन्हापुन्हा लिहीत. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. केस हरली, दंड भरावा लागला. मासिक चालूच राहिलं.

१९५२ मध्ये भारत सरकारनं कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. त्यात भर लोकसंख्येच्या आकड्यांवर होता, बाईच्या सुखाचा विषय कुठेच नव्हता. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी र. धों. गेले. पुढच्याच महिन्यात ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक निघाला.