चारशे डोळ्यांचं यंत्र

फायनल इयरचं प्रोजेक्ट म्हणजे काय असतं, हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको! आमच्या ग्रुपचा विषय दिसायला अगदी सोपा होता. फोटोतला पत्र्याचा तुकडा गोल आहे, चौकोनी आहे की त्रिकोणी, हे कॉम्प्युटरने ओळखायचं. वर्कशॉपमधून तुकडे आणले, मोबाईलवर सहाशे फोटो काढले, रात्री जागून प्रत्येक तुकड्याभोवती चौकट आखून त्याला नाव दिलं आणि तयार मिळणारं एक मॉडेल आमच्या फोटोंवर ट्रेन केलं. टेस्टिंगला जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर! त्या रात्री आम्ही साहेबासारखे झोपलो.

दुसऱ्या दिवशी सहज म्हणून एक त्रिकोण दुसऱ्या टेबलावर ठेवला, तर मॉडेल म्हणालं, गोल. पुन्हा ठेवला, पुन्हा गोल. मग लक्षात आलं की आम्ही सगळे त्रिकोण वर्कशॉपच्या हिरव्या टेबलावर ठेवून फोटो काढले होते आणि सगळे गोल रूमवरच्या पांढऱ्या टेबलावर. पठ्ठ्या आकार शिकलाच नव्हता, टेबलाचा रंग शिकला होता! टेस्टिंगचे फोटोही त्याच दोन टेबलांवरचे, म्हणून पितळ उघडं पडलं नाही. सबमिशनला आठवडा उरला होता. हे रिपोर्टमध्ये लिहायचं की गप्प बसायचं, यावरून रूममध्ये दोन तट पडले.

त्याच आठवड्यात रिपोर्टच्या पहिल्या प्रकरणासाठी मी एका माणसाविषयी वाचत होतो. फ्रँक रोझेनब्लाट. आज आपण ज्याला न्यूरल नेटवर्क म्हणतो, त्याचं आकार ओळखायला शिकणारं पहिलं गाजलेलं यंत्र याने बनवलं. सिलॅबसमध्ये त्याला एक ओळ मिळते आणि त्या ओळीतही बहुतेक त्याची चूकच सांगितलेली असते. म्हणून हा लेख.

रोझेनब्लाटचा जन्म ११ जुलै १९२८ चा, न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेल गावचा. शाळा ब्रॉंक्स हायस्कूल ऑफ सायन्स. त्याच शाळेत त्याच्यापेक्षा एक वर्षाने मोठा एक मुलगा होता, मार्विन मिन्स्की. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

गंमत म्हणजे रोझेनब्लाट इंजिनिअर नव्हताच. त्याने कॉर्नेल विद्यापीठातून १९५० साली पदवी आणि १९५६ साली पीएच.डी. घेतली ती मानसशास्त्रात. पण हा मानसशास्त्रवाला आपल्या पीएच.डी.ची आकडेमोड करायला स्वतःचं खास यंत्र बनवून घेणारा होता. मेंदू पाहायला कसा शिकतो, हा त्याचा प्रश्न. आणि त्याचं म्हणणं असं, की उत्तर खरं असेल तर ते तारा जोडून चालवून दाखवता आलं पाहिजे.

बफेलो शहरातल्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत काम करताना १९५७ साली त्याने आपली कल्पना मांडली आणि तिला नाव दिलं परसेप्ट्रॉन. कल्पना एका वाक्यात सांगता येते. प्रत्येक इनपुटला एक वजन द्यायचं, सगळ्यांची बेरीज करायची, बेरीज ठरावीक मर्यादेच्या वर गेली तर हो, नाहीतर नाही. उत्तर बरोबर आलं तर कशाला हात लावायचा नाही. चुकलं, तर त्या चुकीत ज्या इनपुटांचा हात होता त्यांचीच वजनं थोडी कमी-जास्त करायची. बस्स! म्हणजे हे यंत्र बरोबर उत्तरातून काहीच शिकत नाही. ते शिकतं फक्त चुकल्यावर.

जुलै १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाने वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांना बोलावून प्रात्यक्षिक दाखवलं. तेव्हा खरं यंत्र तयार नव्हतं. आयबीएम ७०४ या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम चालवला होता. काही कार्डांवर खूण डावीकडे, काहींवर उजवीकडे. पन्नास प्रयत्नांनंतर कॉम्प्युटर डावं-उजवं ओळखायला शिकला. एवढंच. पण दुसऱ्या दिवशीच्या पेपरात काय छापून आलं? हे यंत्र पुढे चालेल, बोलेल, लिहील, स्वतःसारखी दुसरी यंत्रं तयार करील, त्याला स्वतःच्या अस्तित्वाची जाणीव असेल! नौदलाने आशा वाढवली, पेपरवाल्यांनी ती फुगवली, आणि रोझेनब्लाटही उत्साहाच्या भरात मोठं बोलत होता. डावं-उजवं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमवर केवढं हे ओझं!

खरं यंत्र, मार्क-१ परसेप्ट्रॉन, २३ जून १९६० रोजी लोकांसमोर आलं. त्याला डोळे चारशे. म्हणजे वीस बाय वीसच्या चौकटीत बसवलेले चारशे फोटोसेल. त्यांच्यामागे ५१२ जोड-घटक आणि उत्तर देणारे आठ घटक. फोटोसेलपासून जोड-घटकांपर्यंतच्या तारा मुद्दाम कशाही, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या जोडता येत. कारण मेंदूतलं वायरिंग कोणी ड्रॉइंग काढून केलेलं नसतं, असा त्याचा विचार. आणि वजनं? आपण लॅबमध्ये फिरवतो तेच पोटेंशिओमीटर! प्रत्येकाला एक छोटी मोटर. यंत्र चुकलं की मोटरा घुर्रकन फिरायच्या आणि पोटेंशिओमीटर सरकायचे. शिकणं डोळ्यांना दिसायचं. त्रिकोण, चौकोन, इंग्रजी अक्षरं हे यंत्र ओळखायला शिकलं. आमच्या मॉडेलचा हा पणजोबाच म्हणायचा.

पण त्याला मर्यादा होती. शिकणाऱ्या वजनांचा थर एकच असेल, तर तो कागदावर एकच सरळ रेघ मारून दोन गट वेगळे करतो. आपल्या हॉस्टेलच्या जिन्यातला दिवा आठवा. एक बटण खाली, एक वर. दोन्ही एकाच बाजूला असली की दिवा बंद, वेगवेगळ्या बाजूंना असली की चालू. या चार शक्यता चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर मांडा. चालूवाले दोन कोपरे समोरासमोर तिरके येतात. आता एकच सरळ रेघ मारून त्यांना बंदवाल्यांपासून वेगळं करून दाखवा. रात्रभर बसलात तरी जमणार नाही!

रोझेनब्लाटला आपल्या यंत्राच्या मर्यादा माहीत होत्या. १९६२ साली आलेल्या त्याच्या जाड पुस्तकात त्याने त्या स्वतःच मांडल्या आहेत. एकापेक्षा जास्त थर हवेत आणि चूक शेवटच्या थराकडून मागच्या थरांकडे पोचवली पाहिजे, हा विचारही त्यात आहे. पण त्याचे घटक फक्त हो किंवा नाही म्हणणारे. मधला उतार नाही, त्यामुळे मागचं कोणतं वजन किती हलवायचं याचा भरवशाचा हिशेब त्याला सापडला नाही.

१९६९ साली मिन्स्कीने एमआयटीतल्या सीमोर पॅपर्टबरोबर एक पुस्तक लिहिलं आणि असं यंत्र काय करू शकत नाही हे गणिताने सिद्ध केलं. गणित बिनचूक होतं. पण वाचणाऱ्यांनी अर्थ असा घेतला की या वाटेने जाण्यात काही राम नाही. ज्या यंत्राकडून चालण्या-बोलण्याची अपेक्षा केली होती, त्याला जिन्यातला दिवाही कळत नाही म्हटल्यावर लोकांचं मन उडालं. पैसा आणि माणसं दुसरीकडे वळली.

रोझेनब्लाट तोवर कॉर्नेलमध्ये परतला होता. गडी एका विषयात मावणारा नव्हता. घरामागच्या टेकडीवर त्याने वेधशाळा बांधली होती, तो पियानो वाजवायचा, १९६८ च्या निवडणुकीत युजीन मॅकार्थी यांच्या प्रचारात उतरला होता. शिकवलेल्या उंदरांच्या मेंदूचा अर्क न शिकलेल्या उंदरांना टोचला तर शिकवण पोचते का, असेही प्रयोग त्याने केले. त्या काळी ही कल्पना फार गाजत होती. पण परिणाम असलाच तर अगदी नगण्य आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. हे वाचून मी थांबलो. आपलीच आवडती कल्पना निघत नाही म्हणून सांगायला काय लागत असेल?

११ जुलै १९७१. त्याचा त्रेचाळिसावा वाढदिवस. त्या दिवशी चेसापीक उपसागरात बोटीच्या अपघातात तो गेला.

त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९८६ साली, रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांनी चूक मागच्या थरांपर्यंत पोचवण्याची पद्धत मांडली आणि ती गाजली. हो-नाहीच्या जागी हळूहळू चढणारा उतार वापरला, की हिशेब जमतो. २०१२ साली अशाच अनेक थरांच्या नेटवर्कने फोटो ओळखण्याच्या इमेजनेट स्पर्धेत बाकीच्यांना फार मागे टाकलं, आणि आज आपल्या लॅपटॉपवर जे चालतं ते त्याच घराण्यातलं. २००४ साली आयईईईने रोझेनब्लाटच्या नावाने पुरस्कार सुरू केला. यातलं काहीच पाहायला तो नव्हता. मार्क-१ आता स्मिथसोनियन संग्रहालयाच्या ताब्यात आहे.

राहता राहिला आमचा रिपोर्ट. रोझेनब्लाटचं वाचून झाल्यावर मी रूममध्ये एवढंच म्हटलं की पेपरात आलेलं मोठं बोलणं त्याला भोवलं, पुस्तकात लिहिलेल्या मर्यादा नाही भोवल्या. थोडी भांडाभांडी झाली, चहा झाला, आणि दोन्ही तट एक झाले. प्रत्येक आकाराचे फोटो वेगवेगळ्या टेबलांवर, जमिनीवर, गादीवर, उन्हात आणि ट्यूबलाइटखाली नव्याने काढले. बरोबर उत्तरं आधीपेक्षा कमी आली, पण ती खरी होती. शेवटी एक पान जोडलं. हिरव्या टेबलाची सगळी हकिकत, आणि तुकडे एकमेकांवर आले की मॉडेल आजही गोंधळतं हे कबूल.

ओरलला बाहेरून आलेल्या सरांनी बाकीचा रिपोर्ट भराभर चाळला आणि त्याच पानावर थांबले. वीस मिनिटं त्यावरच प्रश्न! घाम फुटला, पण एकाही प्रश्नाला आम्हाला खोटं उत्तर द्यावं लागलं नाही. ज्युनिअर मित्रांनो, तुमच्याही मॉडेलचं कुठेतरी एक हिरवं टेबल असणार. सबमिशनच्या आधी ते शोधा. आणि सापडलं, तर लपवू नका.