आकड्यांच्या गमतीत रमलेले देवळालीचे गुरुजी

एक चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत, एवढीच अट. तिचे अंक आधी उतरत्या आणि मग चढत्या क्रमाने लिहा आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ ही संख्या येते आणि मग ती बदलत नाही (७६४१ – १४६७ = ६१७४). उदाहरणार्थ, १९०५ घेतले तर ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४.

ही गंमत शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्मही १९०५ चाच, डहाणूचा. ते आठ वर्षांचे असताना आई वारली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता, त्यामुळे आकडेमोड घरातच होती. ठाण्यातल्या शाळेनंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये पदवी घेऊन ते देवळालीत शाळामास्तर झाले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत राहिले.

फावल्या वेळात त्यांचे संख्यांशी खेळणे चालू असे. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. दोन्ही उत्तरे उलटसुलट कशीही वाचली तरी तीच. नऊ एकांपर्यंत हे असेच चालते. या कुळातल्या संख्यांना त्यांनी नाव दिले ‘डेम्लो’, आजच्या डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून! ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५; अशा संख्या आज ‘कापरेकर संख्या’ म्हणून ओळखल्या जातात. अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या १८ सारख्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, म्हटले.

६१७४ चा शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. पण त्यांच्याकडे पदव्युत्तर पदवी नव्हती आणि त्यांचे काम अनेक गणितज्ञांना पोरखेळ वाटे. कापरेकरांनी मात्र लिहिणे सोडले नाही. त्यांच्या बऱ्याच पुस्तिका खासगीरीत्याच निघाल्या. निवृत्तिवेतन पुरत नसल्याने उतारवयात त्यांना शिकवण्या घ्याव्या लागल्या.

१९७५ साली अमेरिकेतील लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि सत्तरीतल्या या गुरुजींचे नाव जगभर पोहोचले. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्याला पोरखेळ म्हटले गेले, तो ६१७४ आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ या नावाने ओळखला जातो. तो पडताळून पाहायला चौथीतल्या मुलाला येणारी वजाबाकी पुरते.