पोरक्या मुलाला भाषा देणारे विद्यालय : कोमितास यांची जीवनकथा

आर्मेनियन चर्चचे मुख्य पीठ असलेल्या एचमियाडझिन येथे सर्वोच्च धर्मगुरू, कॅथोलिकोस गेवोर्ग चौथे यांनी १८७४ मध्ये धर्मविद्यालय स्थापन केले. पुढे ते त्यांच्याच नावाने, गेवोर्गियन विद्यालय म्हणून, ओळखले जाऊ लागले. रशियन साम्राज्याच्या अमलाखाली जगणाऱ्या समाजासाठी सुविद्य धर्मगुरू आणि शिक्षक घडवणे, हा त्यामागचा हेतू होता. या विद्यालयाने किती मोलाचे काम केले, हे संगीतकार कोमितास यांच्या आयुष्यावरून कळते.

सोगोमोन सोगोमोनियन हे त्यांचे मूळ नाव. ऑटोमन साम्राज्यातील क्युताह्या येथे १८६९ मध्ये त्यांचा जन्म झाला. आई तान्हेपणीच गेली आणि काही वर्षांनी वडिलांचेही छत्र हरपले. गावातील आर्मेनियन लोक तुर्की बोलत. त्यामुळे स्वतःच्या समाजाची भाषा या मुलाला येत नव्हती. गोड गळ्यामुळे १८८१ मध्ये तो एचमियाडझिनला पोहोचला. कॅथोलिकोसांसमोर त्याने शब्दांचा अर्थ न कळताही आर्मेनियन स्तोत्र गायले आणि त्याला प्रवेश मिळाला.

तेथे तो भाषा, धर्मशास्त्र आणि संगीत शिकला. १८९३ मध्ये शिक्षण पूर्ण होताच त्याच विद्यालयात संगीतशिक्षक झाला. दीक्षेनंतर सातव्या शतकातील एका कॅथोलिकोसाचे कोमितास हे नाव त्याला मिळाले. १८९६ ते १८९९ या काळात बर्लिनमध्ये पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण घेऊन कोमितास परतले. खेडोपाडी फिरून त्यांनी शेतकऱ्यांची नांगरणीची, लग्नाची, अंगाईची गाणी टिपून घेतली. धर्मगुरूने लौकिक गाणी रंगमंचावर आणावीत, हे सनातनी मंडळींना रुचले नाही. विरोधाला कंटाळून १९१० मध्ये ते कॉन्स्टँटिनोपलला गेले.

२४ एप्रिल १९१५ रोजी तेथे आर्मेनियन विचारवंतांची धरपकड झाली, तीत कोमितासही होते. काही आठवड्यांनी सुटका झाली, परंतु मन कायमचे उद्ध्वस्त झाले. त्यांच्या संग्रहाचा बराच भाग नष्ट झाला. अखेरची वर्षे फ्रान्समधील मनोरुग्णालयांत काढून १९३५ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढील वर्षी अस्थी येरेवानला आणण्यात आल्या.

विद्यालयही पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत बंद पडले होते. कॅथोलिकोस गेवोर्ग सहावे यांच्या पुढाकाराने १९४५ मध्ये, सोव्हिएत राजवटीतच, ते पुन्हा सुरू झाले. कोमितास यांनी टिपलेली जी गाणी वाचली, ती जगभर विखुरलेला आर्मेनियन समाज आजही गातो. मातृभाषा बारा वर्षांच्या वयात नव्याने शिकलेल्या विद्यार्थ्याने जपलेला हा ठेवा आहे.