गोष्ट आधी, अक्षर मागून

नशिराबाद, असोदे, भादली या परिसरातील पुष्कळशी मुले घरी लेवा गणबोली ऐकत वाढतात. शाळेत त्यांच्या पुढ्यात येते ती पुस्तकी मराठी. मूल अक्षरे ओळखू लागते, धडा घडाघडा म्हणूनही दाखविते; परंतु पुस्तक मिटल्यावर धड्यात काय होते असे विचारले की गप्प बसते. उच्चारालाच वाचन समजण्याची ही चूक जुनी आहे. याच जिल्ह्यात, अमळनेरला, शंभर वर्षांपूर्वी एका शिक्षकाने तिला आपल्या परीने उत्तर दिले होते. साने गुरुजींचे हे शिक्षकपण त्यांच्या देशभक्तीच्या आणि अश्रूंच्या आड गेले आहे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, दापोली तालुक्यातील पालगडचा. घराणे खोताचे, पण वैभव ओसरलेले. दारिद्र्याशी झगडत ते एम. ए. झाले आणि तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. तेथे त्यांचे मन रमले नाही. १९२४ साली ते खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक झाले. पुढे छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या झाडणारा, त्यांचे कपडे धुणारा हा शिक्षक सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याने मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक चालविले, हे तितके लक्षात राहिलेले नाही. दैनिक, आणि तेही स्वहस्ते! आपल्या गुरुजींनी आपल्यासाठी आज काय लिहिले आहे, या उत्सुकतेने मुलगा कागदाकडे जातो, तेव्हा त्याला वाच म्हणून सांगावे लागत नाही. आशय जिव्हाळ्याचा असला की अनोळखी शब्दही संदर्भाने उलगडतो. 'विद्यार्थी' हे मासिकही याच काळातले.

ही नोकरी सहाच वर्षे टिकली. १९३० साली राजीनामा देऊन गुरुजी सत्याग्रहात उतरले आणि वर्गाची जागा तुरुंगाने घेतली. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली त्यांनी विनोबांची गीतेवरील प्रवचने टिपून घेतली. ती जशीच्या तशी हाती आली, यावरून त्यांच्या कानाची तयारी कळते. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या पाच दिवसांत, 'श्यामची आई' लिहून झाले. या पुस्तकाचे भाग प्रकरणे म्हणून नव्हे, तर रात्री म्हणून मोजले आहेत. श्याम सांगतो आणि मंडळी ऐकतात, अशी ही रचना आहे. वाक्ये आखूड, संवाद भरपूर, वस्तू घरातल्या. ज्याने आईच्या तोंडून गोष्ट ऐकली आहे, त्याला हे पुस्तक वाचताना परक्या प्रांतात शिरल्यासारखे वाटत नाही. कानाकडून डोळ्याकडे जाण्याची ही वाट गुरुजींनी कोणत्याही शिक्षणशास्त्रातून घेतलेली दिसत नाही.

पुढे 'गोड गोष्टी' आल्या. इंग्रज लेखिकेचा 'सायलस मार्नर' त्यांनी 'मनूबाबा' करून मराठी मुलांच्या हाती दिला. विद्वानांना हे रूपांतर सैल वाटेल. पण दहा वर्षांच्या वाचकाला हवी असते ती गोष्ट. गुरुजींच्या लेखणीत भावनेचा अतिरेक आहे, हा आक्षेप मात्र खोटा नाही. सारखे गहिवरणारे पुस्तक मुलाला हसू देत नाही, आणि वाचनाच्या आनंदात हसण्याचा वाटा लहान नसतो. शिक्षकाने तेवढी निवड स्वतः करावी.

डिसेंबर १९३६ च्या फैजपूर काँग्रेससाठी ते खानदेशातील खेडोपाडी हिंडले. १९४७ च्या मे महिन्यात विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून पंढरपूरला उपोषणास बसले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक सुरू केले आणि ११ जून १९५० रोजी, एक्कावन्नही पुरी होण्यापूर्वी, त्यांनी स्वतःच आपले जीवन संपविले. त्यांच्या साहित्यावरील स्वामित्वहक्काची मुदत २०१० अखेर संपली; आता त्यांची पुस्तके कोणालाही छापता येतात. 'श्यामची आई'तील रात्री बेचाळीस आहेत. शाळा सुटण्यापूर्वी रोज एक वाचून दाखविली, तर आठवड्याच्या सहा दिवसांच्या हिशेबाने सात आठवडे पुरतील. आठव्या आठवड्यात पुस्तक मुलांच्या हाती द्यावे आणि कोण कोणती रात्र पुन्हा काढून वाचतो ते पाहावे; त्या दिवशी प्रश्न विचारू नयेत.